आकारामतात्यांनी बाजू घेतली

कुस्तीच्या मैदानात पैलवान दोन असतात आणि आवाज एकच असतो. शिरोळपासून बिद्रीपर्यंत कुठल्याही गावची जत्रा असो, तो आवाज आकारामतात्यांचा. तांबड्या मातीत जोड सुटली, की तात्या माइक हातात घेत आणि पैलवानाचं गाव, त्याची तालीम, वस्ताद, आईनं कुणाच्या म्हशीचं दूध घालून वाढवलं इथपर्यंत सगळं अशा ठसक्यात सांगत, की ज्याला डावातलं ओ का ठो कळत नाही तोही खिशात हात घालून इनाम द्यायला पुढं येई. मात्र एका पैलवानाबद्दल चार चांगल्या गोष्टी सांगितल्या, तर दुसऱ्याबद्दलही चारच. कमी नाही, जास्त नाही. निवेदकानं बाजू घेतली की मैदान नासतं, असं त्यांचं ठाम मत होतं. त्या मतावर त्यांचं नाव झालं होतं आणि घरही चाललं होतं.

ही सवय मैदानापुरती राहिली असती तर ठीक होतं. घरात बायकोनं, म्हणजे बाळाबाईंनी, आमटी कशी झाली विचारलं तर तात्या म्हणत, "आमटी झकास. भाकरी बी काय कमी न्हाय." त्यावर बाळाबाई कपाळाला हात लावत. "ह्या माणसाला देवानं तोंड दिलं आन् मत द्यायचं इसारला," हे त्यांचं वाक्य सगळ्या पेठेला पाठ होतं.

दोन हजार सालच्या महापालिका निवडणुकीला पेठेतला वॉर्ड बायकांसाठी राखीव निघाला आणि तात्यांच्या या सवयीची परीक्षा ठरली. कारण उभी राहिली ती त्यांचीच एकुलती एक लेक, क्रांती. ती बालवाडी चालवायची. गल्लीच्या नळाला पाणी यावं म्हणून तिनं बायका घेऊन महापालिकेच्या पायऱ्या इतक्या झिजवल्या होत्या, की तिथला शिपाई तिला बघून स्वतःच साहेबाच्या दाराकडं बोट दाखवायचा. पाणी आलं, आणि बायका म्हणाल्या, आता तूच उभी राहा.

समोर होत्या शालूबाई, अमरसिंहदादांच्या पत्नी. अमरसिंहदादा म्हणजे पेठेतल्या तालमीचे अध्यक्ष आणि मैदान कमिटीचेही प्रमुख. कुठल्या जत्रेला कुठला निवेदक बोलवायचा, यात त्यांचा शब्द शेवटचा. माणूस दिलदार, पैशाला मोकळा, आणि तात्यांवर त्यांचा फार जीव. आता सांगा, तात्यांनी करायचं काय? लेकीसाठी माइक हातात घेतला तर दादा वाकड्यात जाणार. दादांचं सोडा, ज्यानं एकदा बाजू घेतली त्याच्या तोंडच्या पुकाऱ्यावर कुठला वस्ताद विश्वास ठेवील? आणि माइक हातात घ्यायचा नाही, तर बाप म्हणून तोंड कुठं दाखवायचं?

क्रांतीनंच ते ओळखलं. अर्ज भरायच्या दिवशी ती आईवडिलांच्या पाया पडायला आली आणि उठता उठता म्हणाली, "आबा, तुमी सभेला येऊ नगा. आमचं आमी बगतो."

"मी काय म्हटलंय का?" तात्या म्हणाले.

"तुमी म्हणणार न्हाय म्हणूनच मी म्हणतीया."

लेक गेल्यावर बाळाबाई चुलीपुढून म्हणाल्या, "पोरीनं सोडवलं तुमास्नी. बसा आता निवांत." निवांत कसले बसतात. ते दिवसभर अंगणात येरझारा घालत राहिले.

प्रचार सुरू झाला आणि दोन्हीकडचा फरक उघडा पडला. दादांच्या बाजूला जीपगाड्या, झेंडे, रोज संध्याकाळी तांबड्या-पांढऱ्या रश्श्याची जेवणं. क्रांतीच्या बाजूला चिमणाबाई गवळण, बालवाडीतल्या पोरांच्या चारदोन आया आणि तिचा नवरा कृष्णात. जावईबापू शाहूपुरीत मोटारीच्या सुट्या भागांच्या दुकानात हिशेब लिहायचे. सरळ माणूस, पण चार माणसांपुढं उभं केलं की घाम फुटायचा. पहिल्या सभेत त्यांनी कागदावरून वाचलं, "तरी मतदार बंधू-भगिनींनी तन, मन, धनाने सहकार्य करावे, ही नम्र विनंती." लोकांनी टाळ्या वाजवल्या, शेंगदाणे खाल्ले आणि घरी गेले. सहकार्याला एक माणूस पुढं आला, तोही सतरंजी मागायला. ती त्याचीच होती.

तात्या हे सगळं पानपट्टीच्या आडोशाला उभं राहून ऐकत होते. मागायची एक रीत असते, आणि ती या पोरांना येत नाही, याचा त्यांना मनापासून त्रास झाला. लोकांच्या मनात क्रांतीबद्दल माया होती, ती त्यांना डोळ्यांनी दिसत होती. पण ज्याच्या मनात असतं त्याच्या हातात आणायला कुणालातरी हाक द्यावी लागते. उभं आयुष्य तात्यांनी तेच केलं होतं, फक्त दुसऱ्यांच्या पोरांसाठी.

शेवटच्या रविवारी चौकात सभा होती. आता मतदानापर्यंत घरोघर फिरायला, चिठ्ठ्या वाटायला, म्हाताऱ्या माणसांना केंद्रावर न्यायला माणसं मिळाली नाहीत, तर निवडणूक हातची गेली, हे क्रांतीला कळत होतं. घसा बसलेला, पायाच्या टाचा फुटलेल्या. ती खुर्चीत बसून पाणी पीत असताना गर्दी मागून हलली. फेटा बांधून आकारामतात्या येत होते, मैदानाला निघतात तसे. कृष्णातांनी काही विचारायच्या आत त्यांनी जावयाच्या हातातून माइक काढून घेतला.

क्रांती उठली. "आबा," एवढंच म्हणाली.

"बस तू," तात्या म्हणाले.

आणि त्यांनी आवाज लावला. काय तो आवाज. दूध काढायला बसलेल्या बाया चरव्या हातात घेऊन बाहेर आल्या. जेवणाच्या मांडवाकडं निघालेली माणसं वळली. क्रांतीनं पाणी कसं आणलं, साथीच्या तापात पोरांच्या उशाला कशी बसली, शाळा सुटलेल्या पोरी परत शाळेत कशा घातल्या, नवऱ्याच्या माराला कंटाळून विहिरीकडं निघालेल्या बाईला हाताला धरून कशी माघारी आणली. चार गोष्टी झाल्या. चौक भरला होता. माणसं माना वर करून ऐकत होती आणि कृष्णातांच्या चेहऱ्यावर बऱ्याच दिवसांनी रंग आला होता.

मग तात्यांनी श्वास घेतला, डावीकडून उजवीकडं वळले, आणि तोंडातून सवयीनं निघालं, "आणि मंडळी, आता समोरच्या बाजूला बघा."

चौकाला काही कळेना. तात्या मात्र रंगात आले होते. समोरच्या बाजूला सौभाग्यवती शालूबाई, मोठ्या घराची सून, दारात आलेला माणूस कधी उपाशी गेला नाही, महापुराच्या वर्षी आपल्या माडीवर दहा कुटुंबं ठेवून घेतली, सासऱ्याची सेवा केली ती सगळ्या पेठेनं बघितली, आणि गेल्या सालच्या आगीत स्वतःच्या अंगावरची शाल टाकून शेजारचं पोर वाचवलं. बरोबर चार. वर दोन्ही बाजूंना सढळ हातानं इनाम द्यावं अशी विनंती करून तात्यांनी माइक खाली घेतला.

सगळा चौक हसत सुटला. कृष्णातांनी डोकं धरलं. चिमणाबाई म्हणाली, "तात्या, आवो कुणाच्या सभेला आलाय तुमी?" तात्यांच्या तेव्हा ध्यानात आलं, आणि फेट्याखाली त्यांचा चेहरा उतरला.

सगळ्यात मोठ्यानं हसत होते ते अमरसिंहदादा. कोपऱ्यावर बुलेटला टेकून ते कधीपासून ऐकत उभे होते. त्या हसण्यात कुचेष्टा नव्हती, कौतुकच होतं. "तात्या, ह्याला म्हणायचं निवेदक," त्यांनी तिथूनच हाक दिली. "लेक उभी हाय, तरी तराजू हलला न्हाय. आसंच ऱ्हावा. माघ महिन्याच्या मैदानाला पुकारा तुमचाच, शब्द देतो."

तात्यांची सुटका झाली होती. लेकीच्या सभेलाही येऊन झालं, मैदानही राखलं गेलं, दोष कुणाचाच नाही. उद्या सगळी पेठ हसून हसून हे सांगणार आणि विसरणार. क्रांती जवळ आली. तिच्या डोळ्यांत राग नव्हता. तिनं वडिलांच्या खांद्याला हात लावला आणि बसक्या आवाजात म्हणाली, "झालं आबा. लई चांगलं बोललासा. घरला जावा आता."

रागावली असती तर तात्या गेले असते. पण ती त्यांना समजून घेत होती, लहान पोराला घ्यावं तशी, आणि तेच त्यांना सोसलं नाही. आपल्या पोरीनं आपल्याकडून काहीच मागू नये, इतकं आपण तिला शिकवून ठेवलं, हे त्यांना त्या चौकात उभ्या उभ्या कळलं.

त्यांनी माइक पुन्हा वर घेतला.

"शालूबाईंबद्दल बोललो त्यात खोटं काय न्हाय," ते म्हणाले. आवाजातला ठसका गेला होता. "बाई गुणाचीच हाय. पर मंडळी, मी आता पुकारा करत न्हाय. मागतोय." "तुमच्या पोरांसाठी म्या लई मागितलं. कुणाला दुधाला मागितलं, कुणाला खुराकाला, कुणाचा हात मोडला तर दवाखान्याला. माझ्या घरासाठी कवा मागितलं न्हाय. आज मागतो. ही माझी लेक हाय. माझं मत हिला हाय, आन् तुमचं बी हिला पायजे. तिच्यापाशी गाड्या न्हाईत, म्हणून मला तुमचे पाय पायजेत. घरोघर जायाला माणूस पायजे. ज्याला यायचं न्हाय त्यानं भाकरी द्या, रिक्षा द्या, फिरणाऱ्याला कपभर च्या द्या. जे द्याल ते माझ्या पोरीला द्या. आन् एकाच बाजूला द्या."

कुणी हसलं नाही. दादांनी तात्यांकडं बराच वेळ बघितलं, मग बुलेटला किक मारली आणि निघून गेले. तो आवाज गल्लीत विरेपर्यंत तात्यांना ऐकू येत होता. आपण काय दिलं हे तात्यांना समजलं होतं, दादांनाही समजलं होतं.

पहिली उठली चिमणाबाई. "मतदान हुईस्तवर च्याचं दूध माझं," ती म्हणाली. मग पिराजी रिक्षावाला म्हणाला, की म्हाताऱ्या माणसांना केंद्रावर न्यायला तो आहे, आणि वाटेत भाडं घेणार नाही. मग बाया उठल्या. दोन गल्ल्या आमच्या, असं कुणी म्हणालं. ज्यानं सतरंजी मागून नेली होती तो ती परत घेऊन आला आणि स्वतःही तिच्यावर बसला. कृष्णातांना कागदावर नावं लिहायचंही सुचेना. बाळाबाई गर्दीत पदर तोंडाला लावून उभ्या होत्या. घरी जाताना नवऱ्याला त्या एवढंच म्हणाल्या, "आज आमटी कशीबी झाली तरी चालंल."

क्रांती पडली. थोडक्यात पडली, पण पडली. जीपगाड्या शेवटी जीपगाड्याच असतात. पेठेतल्या बायकांना ती जिंकल्यासारखीच वाटत होती, आणि दुसऱ्या दिवशी बालवाडी नेहमीच्या वेळेला उघडली, ही गोष्ट वेगळी.

माघ आला. जत्रांचे दिवस सुरू झाले आणि आकारामतात्यांना कुठूनही पुकाऱ्याची सुपारी आली नाही. दादांनी कुणाला तोंडानं नको म्हटलं असेल असं नाही, ते तसे नव्हते. पण लोकांना कळायचं ते कळतं. तात्या फेटा ट्रंकेत ठेवून अंगणात बसत, आणि लांबून हलगी ऐकू आली की उठून घरात जात.

दादांच्या मैदानाच्या दिवशी क्रांती आली. "आबा, चला. कुस्त्या बगायला."

"मी?"

"तिकीट काढून. मी बी येतीया."

मैदानात बाईमाणूस विरळाच. पण तिच्याकडं कुणी वाकडं बघितलं नाही, उलट सरकून जागा दिली. तात्या आयुष्यात पहिल्यांदा प्रेक्षकांत बसले. व्यासपीठावरून नवा पोरसवदा निवेदक पुकारत होता. बरा होता. दादांची नजर तात्यांवर पडली. त्यांनी हात जोडले, तात्यांनीही जोडले. वर या, असं दादा म्हणाले नाहीत आणि तात्यांनाही ते नको होतं.

मधल्या कुस्त्यांत एक जोड सुटली. एक पैलवान नावाजलेला, दुसरा कागलकडचा कुणी काळासावळा, अंगानं उणा. नावाजलेल्यानं त्याला खाली घेतलं आणि कोपर मानेवर दाबून धरलं. पोरगं मातीत तोंड खुपसून नुसतं धरून होतं, सुटत नव्हतं आणि पाठही लावू देत नव्हतं. तात्या पुढं सरकले. मग गुडघ्यावर आले. मग उभे राहिले, आणि ज्या आवाजानं बारा गावची मैदानं भरली होती, तो सगळाच्या सगळा आवाज त्या एका पोराला दिला.

"ऊठ लेकरा. सोडू नगंस. ऊठ तू."

माणसं वळून बघू लागली. व्यासपीठावरचा निवेदक बोलायचा थांबला. तात्यांना कशाचंच भान नव्हतं. मानेच्या शिरा फुगलेल्या, टोपी पडलेली, डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते ओरडत होते. क्रांतीनं हसत त्यांच्या सदऱ्याचं टोक धरलं.

"आबा, दुसरा बी चांगला खेळतोय की."

"आसंल," तात्या तिच्याकडं न बघता म्हणाले. "त्येचं त्येचा बाप बगंल."

क्रांतीनं सदरा सोडला, आणि घसा बसेल इतक्या जोरात तीही ओरडायला लागली.