थांबवायची नाही, हळू न्यायची

"मग, ठरलं का तुमचं?" राजाच्या वकिलातीचा ड्रायव्हर काच पुसता पुसता म्हणाला.

"राजधानीशी फोन चालू आहे," आपल्या राजदूताच्या गाडीला टेकून नाना म्हणाला.

"अजून? आमच्याकडे सकाळी चहाच्या आधीच निकाल. राजेसाहेब नाही म्हणाले. संपलं."

"आमचं त्याहून सोपं," लष्करशहाच्या वकिलातीचा ड्रायव्हर म्हणाला. "जनरलसाहेब अजून बोललेच नाहीत. म्हणजे युद्ध सुरूच झालेलं नाही."

नानाच्या देशात चार पक्षांचं सरकार होतं. कोपऱ्यावरच्या वकिलातीच्या देशात शेजाऱ्यानं रणगाडे घुसवले होते आणि आज त्या वकिलातीत शोकसभा होती. पहिला पक्ष म्हणे जा. दुसरा म्हणे, गेलात तर पाठिंबा काढतो. तिसऱ्याला त्या शेजाऱ्याचं तेल हवं होतं. चौथ्याची बैठक अजून भरायची होती.

नानाला मात्र जायचंच होतं. तिथला ड्रायव्हर मामा त्याचा जिवाभावाचा दोस्त. पहिल्याच बाँबहल्ल्यात मामाचा धाकटा भाऊ गेला. पण निर्णय होईपर्यंत कर्मचाऱ्यांनीही तिकडे फिरकू नये, असा हुकूम होता. नानानं लांबून नुसती मान हलवली होती, तीही इकडेतिकडे बघून.

राजदूतसाहेब घाम पुसत बाहेर आले. "ठरलं. एकमतानं. गाडी त्यांच्या फाटकावरून न्यायची. थांबवायची नाही. पण हळू न्यायची."

"किती हळू, साहेब?"

"आदर दिसेल इतकी. पाठिंबा दिसणार नाही इतकी."

राजाच्या ड्रायव्हरनं फडक्यात तोंड लपवलं.

फाटकाशी मामा दंडाला काळी फीत बांधून उभा होता. सकाळपासून एकही गाडी आत वळली नव्हती. ही येताना दिसली आणि तो ताठ झाला. दार उघडायला हातही पुढे आला. नानानं वेग कमी केला. आणखी कमी केला. गिअर मात्र तिसराच ठेवला. गाडीनं दोन आचके दिले आणि बरोबर फाटकासमोर बंद पडली.

"नाना!"

"तुम्हीच म्हणालात, हळू ने."

"अरे, सुरू कर लवकर!"

तोवर मामानं अदबीनं दार उघडलं होतं. उघड्या दारात साहेबांना बसून राहवेना. "आता राजधानीला काय सांगू मी?"

"गाडी बंद पडली म्हणा. त्याला कुठला पक्ष विरोध करतोय?"

साहेबांनी त्याच्याकडे एकदा रोखून पाहिलं, कोट सारखा केला आणि ते आत गेले.

नानानं उतरून बॉनेट उघडलं. मामा शेजारी येऊन उभा राहिला.

"काय झालंय?"

"बघू या."

इंजिनाला काहीही झालेलं नव्हतं. दोघांनाही ते ठाऊक होतं. दोघं खाली वाकले. बॉनेटखाली डोकं घातलं की रस्त्यावरून चेहरा दिसत नाही. मामाचे खांदे हलू लागले, तशी नानानं एक घट्ट बसलेली वायर पुन्हा घट्ट करायला घेतली.

"सावकाश होऊ दे," तो म्हणाला. "मोठा बिघाड आहे."