थांबणारा डावा हात

पियानोवर कुणीही बसलेलं नव्हतं आणि डावीकडच्या पट्ट्या आपोआप खाली-वर होत होत्या. सभागृह झाडणाऱ्या बाईंनी ते पाहिलं, झाडू तिथेच टाकला आणि तडक बाहेरचा रस्ता धरला. एरवी गुंता पोट धरून हसली असती. आज ती वायरी तपासत राहिली.

गुंता हे काही तिचं खरं नाव नव्हे. लहानपणी बुटांच्या नाड्या, लोकर, शेजारणीच्या वेण्या, जे हाती लागेल त्याचा ती गुंता करून ठेवायची, म्हणून आईने हे नाव ठेवलं. पुढे पोट भरलं तेही वायरींवरच. नाटकांना, कार्यक्रमांना संगीताची यंत्रं जोडून द्यायची, हा तिचा धंदा. थोरल्या भावाचं घरातलं नाव इस्त्री. तो पायमोजेसुद्धा घडी घालून ठेवतो हो! जाहिरातींना संगीत देतो आणि त्याचं संगीतही तसंच, शोधून सुरकुती सापडायची नाही.

आणि आई. अर्ध्या गावाला पियानो शिकवलेली बाई. गेल्या वर्षी अर्धांगाचा झटका आला आणि तिचा डावा हात गेला. उजवा शाबूत, डोकं शाबूत, जीभ तर पहिल्यापेक्षा धारदार. पण तेव्हापासून ती चारचौघांत पियानोला शिवली नव्हती. घरात विषय काढला की म्हणायची, “एका हाताने टाळी वाजत नाही म्हणतात, पियानो काय वाजणार?”

मग गुंताला आठवलं. आजाराच्या आधी एकदा सूर नोंदवून पुन्हा वाजवणारा नवीन प्रोग्राम, सिक्वेन्सर, तपासायला म्हणून तिने घरचा कीबोर्ड लॅपटॉपला जोडला होता आणि आईला सांगितलं होतं, काहीतरी वाजव. आईने तिची ती संथ चाल वाजवली होती. अशा जोडणीत, म्हणजे मिडीत, आवाज भरला जात नाही. कुठली पट्टी, कोणत्या क्षणी, किती जोराने दाबली, एवढीच नोंद राहते. म्हणजे आईची बोटंच त्या फाइलमध्ये राहिली होती. आणि या सभागृहातला पियानो असा, की लॅपटॉपने हुकूम सोडला की पट्ट्या स्वतः दबतात. डावा हात फाइलमधला, उजवा आईचा. जुने विद्यार्थी जमायचे होते, त्यांच्यासमोर एकच चाल.

आई कशीबशी तयार झाली, तीही अट घालून. “डावा हात माझाच हवा. दुसऱ्या कुणाचा लावलात तर उठून जाईन. भर कार्यक्रमातून जाईन, सांगून ठेवते.” आई बोलली की करते, हे दोन्ही भावंडांना पक्कं ठाऊक. आणि आज उठली असती तर पुन्हा कधीच बसली नसती, हेही ठाऊक.

दुपारी तालमीला आई स्टुलावर बसली, उजव्या हाताने पहिली पट्टी दाबली आणि किंचाळली. “अगं, ही मला खालून मारतेय!”

पट्टी तिच्या बोटाखाली थरथरत होती. गुंताने कपाळावर हात मारला. कार्यक्रम रेकॉर्ड व्हावा म्हणून इस्त्रीने उजव्या हातासाठी नवा ट्रॅक उघडला होता. आई पट्टी दाबायची, ती खबर लॅपटॉपकडे जायची, आणि लॅपटॉप इमानेइतबारे तीच खबर पियानोला परत पाठवायचा: हीच पट्टी दाब! पियानो बिचारा पुन्हा दाबायचा. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात तसलं काहीतरी. गुंताने एकेक वाट बंद करून पाहिली. हा चॅनल बदल, सेव्ह कर. ते आउटपुट काढ, सेव्ह कर. पूर्वी दोनदा तिचं सगळं काम उडालं होतं, तेव्हापासून तिचं बोट प्रत्येक बदलानंतर आपसूक सेव्हवर जायचं. शेवटी त्या ट्रॅकची परतीची वाट सापडली, तीही तोडली आणि पट्टी शांत झाली. पुन्हा सेव्ह.

“आता घे, आई.”

डावा हात सुरू झाला. आईचा उजवा त्यावर चढला. दोन ओळी छान गेल्या. तिसऱ्या ओळीत, चढाच्या जागी, आईचा उजवा हात थबकला आणि डावा मात्र सरळ पुढे निघून गेला. आईने हात मांडीवर घेतला.

“हा माझा हात नाही.”

“तुझाच आहे गं.”

“गुंते, माझ्या हाताची ओळख तू मला करून देणार? माझा हात इथे थांबतो. हा कुणाचा आहे ते सांग, नाहीतर गाडी बोलाव.”

गुंताने पडद्यावर पाहिलं. डाव्या हातातला एकूण एक सूर रेषेला रेष लावून उभा होता. कुठे रेंगाळणं नाही, कुठे उशीर नाही. दुपारभर ती वायरींच्या मागे होती, सुरांकडे तिने पाहिलंच नव्हतं.

“दादा, डावा हात कुणी सरळ केला?”

“मी. काल.” इस्त्री खुर्च्यांच्या रांगा सरळ करत होता, दुसरं काय करणार! “अगं, किती मागेपुढे होतं ते. क्वांटाइज केलं, सगळं मात्रेवर आणलं. शिवाय तुझं ते ‘शेवटचं’, ‘शेवटचं दोन’, ‘खरंच शेवटचं’, ‘आता हेच’. सगळं उडवून एकच फाइल ठेवली. आभार मानू नकोस.”

“घरच्या कॉम्प्युटरवर असेल ना?”

त्याचा चेहरा उतरत गेला. “तिथलंही आवरलं.”

तिला त्याच्या नरडीला धरावंसं वाटलं. पण अजून एक आशा होती. हा सिक्वेन्सर दर सेव्हला आधीची प्रत बाजूला ठेवतो. मात्र मोजक्याच ठेवतो. नवी आली की सगळ्यात जुनी बाहेर. तिने बॅकअपचा फोल्डर उघडला, सगळ्यात जुनी प्रत उघडली. सूर सरळ. तिच्या नंतरची, सरळ. सगळ्या आज दुपारच्या. तिच्या स्वतःच्या हातच्या. पट्टी थरथरत होती तेव्हा तिने जे दणादण सेव्ह मारले होते, त्या एकेका सेव्हने आईचा खरा हात दाराबाहेर ढकलला होता. दादाने डावा हात बिघडवला हे खरं, पण पुसला तिने. तिला रडू फुटलं, आणि ते लपवायला ती टेबलाखालच्या वायरी चाचपत बसली.

बाहेर गाड्यांची दारं वाजू लागली होती. विद्यार्थी यायला लागले होते.

“इकडे ये,” आई म्हणाली. “गेला ना?”

गुंताने मान हलवली. “मीच घालवला.”

आईने उजव्या हाताने डावा हात उचलून मांडीवर सरळ ठेवला. मग म्हणाली, “तिथे का थांबायचा, माहीत आहे? तू एवढीशी होतीस. उजवा हात तुझा, डावा माझा, एकाच स्टुलावर. त्या चढाला दर वेळी तुझी करंगळी पोचायची नाही, मग मी थांबायची. तू मोठी झालीस, पियानो सोडून वायरीत गेलीस, पण माझा हात थांबायचा काही सुटला नाही. आता माझी उजवी करंगळीही तिथे वेळ लावते.” तिने उठायला काठी शोधली. “जाऊ दे. पाहुण्यांना चहा पाजा.”

काठी इस्त्रीच्या जवळ होती. त्याने ती दिली नाही. तो रडवेला होऊन म्हणाला, “मी फक्त वेळ सरळ केली गं. जोर कशालाच लावला नाही. म्हणजे, जोराला हात नाही लावला.”

गुंताने डोकं वर केलं. खरंच की! ती पडद्याकडे धावली. प्रत्येक सुराखाली तो किती जोराने दाबला त्याची रेघ होती: कुठे उंच, कुठे बुटकी, कुठे अगदी हळवी. त्या रेघांना इस्त्री लागलेली नव्हती. वजन आईच्याच बोटांचं होतं. गेली होती ती फक्त वेळ.

“आई, दहा मिनिटं दे. वेळ मी देते.”

सिक्वेन्सर स्वतःच्या चालीने धावतो, पण त्याला बाहेरूनही ताल देता येतो: एक ठोका दिला की एक मात्रा पुढे, ठोका थांबला की तोही थांबला. लॅपटॉपशेजारच्या छोट्या कीबोर्डची एक पट्टी तिने त्यासाठी नेमली. सूर मात्रेवर नीट बसलेले नसते तर हे साधलं नसतं. म्हणजे दादाच्या इस्त्रीचाच उपयोग झाला, पण हे त्याला आत्ता सांगण्याची तिची तयारी नव्हती. तिने ठोका दिला. पियानोचा खर्जातला सूर धडाम् करून वाजला. त्या पट्टीची एक वाट थेट पियानोकडेही जात होती. दारात पहिले पाहुणे उभे, आई काठीवाचून पियानोला धरून उभी. गुंताने ती थेट वाट तोडली. ठोका. शांत. फक्त डाव्या हाताची पट्टी हलकेच दबली.

तिने सेव्ह केलं, पण या वेळी नव्या नावाने.

“मग चढाला कोण थांबणार?” आईने विचारलं.

“मी.”

“तू? तुला जन्मात कधी थांबता आलंय?” पण ती परत स्टुलावर बसली.

सभागृह भरलं. चाल सुरू झाली. गुंता पडद्याकडे बघत नव्हती, आईच्या खांद्याकडे बघत होती. खांदा हलायच्या आधी श्वास हलतो, ते ती लहानपणी शिकली होती. एक मात्रा, एक ठोका. पहिली ओळ गेली, दुसरी गेली. चढ आला. आईची करंगळी निघाली आणि अडली.

गुंताचं बोट हवेत थांबलं. पियानोच्या डावीकडच्या पट्ट्या थांबल्या. सगळं सभागृह थांबलं. पहिल्या रांगेत इस्त्रीने डोळे मिटून घेतले. क्षण गेला, आणखी एक गेला, पण बोट तिने खाली येऊ दिलं नाही. आईने एकदा, अगदी ओझरतं, डावीकडच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं. मग तिची करंगळी पोचली, आणि दोन्ही हात एकदम पुढे गेले.

टाळ्या संपता संपेनात. लोक आईच्या पाया पडत होते, तिचा उजवा हात हातात घेत होते. गर्दी पांगल्यावर गुंता वायरी गुंडाळू लागली, तेव्हा आई काठी टेकत आली.

“चढाला जरा जास्तच थांबलीस.”

“तू किती थांबायचीस माझ्यासाठी, मोजलं होतंस कधी?”

आईने तिच्या हातातली वायर काढून घेतली आणि एका हाताने, वेडीवाकडी, गुंडाळायला लागली.