बिनतेलाचा आखाड

आखाडात घरातून तळणाचा वास बाहेर गेला नाही, तर शेजारपाजारचे समजतात की या घरात कुणीतरी गेलं. ही आमच्या सासूबाईंची विद्या. या विद्येपायीच त्या मिरजगावहून एसटीने भिंगारला आल्या, मांडीवर गुळाची ढेप आणि तुपाची बरणी घेऊन.

माझी विजयमाला चार वर्षांची, नुकतीच काविळीतून उठलेली. डोळ्यांतला पिवळेपणा गेला होता, तरी रोज सकाळी मी तिला खिडकीशी नेऊन पापणी ओढून बघायचीच. नगरच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, तेल अगदी बंद.

म्हणून आखाड मी माझ्या पद्धतीने करायला घेतला. गुळाच्या पाण्यात भिजवलेली कणीक, वर तीळ, आणि कापण्या तव्यावर झाकण ठेवून मंद आचेवर भाजलेल्या. मुगाच्या डाळीच्या वाफवलेल्या वड्या. कोरडे भाजलेले पोहे, त्यात डाळं आणि मीठ-हळद. कॉलेजात मी गृहशास्त्र घेतलं होतं. सासरी त्यावर अजून हसतात, सून म्हणे स्वैपाकाचा पेपर देऊन आलीय.

सासूबाईंनी एक कापणी ताटलीवर आपटून बघितली.

"ही खायची का पेन्शिल म्हून पोरीनं हिनं पाटी लिव्हायची?"

"चावून बघा आत्याबाई, आत मऊ आहे."

"मोजकेच दात ऱ्हायलेत बाई. तुझ्या कालिजापायी न्हाई घालवायचे."

आमचे हे लष्कराच्या डेपोत कारकून. तिथे दुसऱ्यांच्या चुकांवर शेरे मारतात. घरात मात्र वर्तमानपत्र इतकं उंच धरतात की खाली नुसते पाय दिसतात. पायांकडून उत्तर आलं, "तुम्ही दोघी काय ते बघा."

मी नळावर पाणी भरायला गेले. परत आले तर दारातच तुपाचा घमघमाट. स्टोव्हवर कढई, कढईपुढे सासूबाई, आणि त्यांच्या गुडघ्याला टेकून माझी मालू. अर्धी कापणी हातात, अर्धी तोंडात.

"आत्याबाई, डॉक्टरांनी काय सांगितलंय?"

"तेल बंद सांगितलंय. तुपाचं नाव काढलं का त्यानं? मी इचारून घेतलंय ह्याला."

वर्तमानपत्र हललं नाही.

मी हंडा तिथेच टेकवला आणि मालूच्या तोंडात बोट घालून घास काढला. तिने भोकाड पसरलं.

"अगं, अर्ध्या कापणीनं काय मरती का पोर?"

बोलून गेल्या. जी शंका कुणाच्या मनात येऊ नये म्हणून बरणी सांभाळत आल्या, ती स्वतःच्याच तोंडाने, पोरीच्या डोक्यावर हात असताना. त्यांचा चेहरा उतरला. हळूच स्वतःच्या तोंडात मारून घेतली, पदराने धरून कढई उतरवली आणि मीठ-मोहरी घेऊन मालूवरून ओवाळायला बसल्या. काविळीत तुपाला माफी देणारी बाई, पण एका शब्दाला भ्याली.

तळलेल्या कापण्या मी तेवढ्यात ताटात भरून शेजारी वाटून आले. बायका म्हणाल्या, सासूच्या हाताला काय चव आहे. मी म्हटलं, तर काय.

परतले तेव्हा सासूबाई तव्यापुढे बसलेल्या.

"उलथनं कुठाय तुझं? करपतंय हे." मग खालच्या आवाजात, "मिरजगावात बोलू नको कुठं, म्या बिनतळणाचा आखाड केला म्हून."

मी मान डोलावली. यकृत म्हणजे काय ते समजावून सांगायच्या भानगडीत पडले नाही. भीतीने भागत होतं, तिथे शिकवण्यात वेळ कशाला दवडा?

मालूने साय काढलेल्या दुधात बुडवून एक कापणी खाल्ली आणि दुसरी मागितली. आजारानंतर पहिल्यांदा काहीतरी आपणहून मागितलं. सासूबाईंनी फुंकर मारून ती पुढे केली. मी आधी हातात घेतली, दोन्ही बाजूंनी बोट फिरवून तूप लागत नाही ना ते बघितलं, मग दिली.