मिशीवाली सवत

अण्णांचं नाव घरात निघालं की माझ्या अंगाचा तिळपापड होतो. आणि गंमत काय, तर ते अण्णा म्हंजे मीच.

पहिल्यापासनं सांगतो. व्हय, ‘सांगतो’च. आमच्या बेळगावाकडं बायका पण ‘मी आलतो, मी गेलतो’ असंच म्हणतात. पुण्याच्या पाहुण्यांना हसू येतं, त्याला मी काय करू? माझं नाव मनिषा. वडगावात आमच्या सोप्यात, म्हंजे घराच्या पुढच्या भागात, साड्यांचे दोन माग आहेत. माग चालवतात आमचे मालक, म्हंजे माझा नवरा, राजकुमार. कांड्या भरतो मी. मागावर इकडनं तिकडं पळतो त्या धोट्यात दोऱ्याची नळी बसते ना, ती कांडी. आमच्यात हे कधीचंच ठरून गेलंय, माग बाप्यांचा आणि कांड्या बायकांच्या. अठरा वर्षं झाली लग्नाला, मागाच्या हँडलला माझा हात लागलेला न्हाय.

पण माझा बाप, जोतिबा, माग दुरुस्त करणारा मिस्त्री होता. त्याला पोरगा न्हवता, म्हणून गल्लोगल्ली त्याच्यामागनं पान्यांची पिशवी घेऊन मीच हिंडायचो. मागाचं कुठं दुखतंय ते मला नुसत्या आवाजावरनं कळतं. कळून उपयोग काय? मी तोंड उघडलं की मालक म्हणणार, “तू कांड्या भर गं.”

दोन वर्षांमागं फेसबुकवर मागवाल्यांचा एक ग्रुप सापडला. इचलकरंजी-सोलापूरचे लोक मराठीत, रबकवीचे कन्नडात, भिवंडीचे हिंदीत, असा सगळा बाजार. मी ‘जुना धोटा’ म्हणून नाव घेतलं आणि बापाच्या धोट्याचा फोटो लावला. तो धोटा आमच्याच देव्हाऱ्यात असतो. एक दिवस रबकवीच्या नागोजीनं कन्नडात विचारलं, साडीचा काठ आखडालाय, काय करू? मी कन्नडातच उत्तर दिलं. दुसऱ्या दिवशी त्याचा काठ सरळ, आणि खाली लिहिलेलं, उपकार झाले अण्णा.

अण्णा! मी म्हटलं, असू दे. कन्नडात लिहिताना बाई का बाप्या हे कुठं कळतंय? हिंदीत मी ‘हम’ म्हणून निभावतो. आणि मराठीतलं माझं ‘करतो, बघतो’ वाचून सोलापूरवाल्यांना काडीची शंका आली न्हाय. खोटं मी एक अक्षर लिहिलं न्हाय, फक्त खरं तेवढं सांगितलं न्हाय. मनिषा म्हणून लिहिलं असतं तर कोण ऐकणार होतं?

मग काय, अण्णा मोठे व्हायला लागले. ग्रुपवर पैजा लागायला लागल्या. अण्णा साठीचे असणार, अण्णांच्या मिशा पांढऱ्या असणार, अण्णा चिकोडीकडचे असणार. मी चुलीपुढं बसून वाचायचो आणि हसून हसून पोट दुखायचं. एकदा तेवढा नागोजीनं दणका दिला. “हे अण्णा न्हवं, आक्का असणार. कांडीचं एवढं बारीक बाप्यांना ठाऊक नसतंय.” सगळे त्याच्यावर तुटून पडले. सगळ्यांत मोठ्यानं कोण हसला, सांगू? त्याच महिन्यात ग्रुपात शिरलेला एक माणूस. “नागोजी, बाईमाणसाला मागातलं काय कळतंय? माझी बायको अठरा वर्षं मागाजवळ आहे, तिला इचारू काय?” आणि खाली हसरे चेहरे, चार.

तो माणूस म्हंजे आमचे मालक.

त्या दिवशी आमटीत मीठ जास्त पडलं. पडलं न्हाय, घातलं.

तेव्हापासनं आमच्या घरात तिसरं माणूस राहायला आलं. सकाळी दात घासायच्या आधी, “शुभ सकाळ अण्णा,” वर गुलाबाचं फूल. मला अठरा वर्षांत झेंडूचं न्हाय मिळालं. जेवताना, “अण्णा म्हणतात.” झोपताना, “अण्णांचं बरोबर आहे.” एकदा दोन नंबरचा माग आडवा दोरा सारखा तोडालता. मी म्हटलं, “अहो, धोट्याला आत खरवड आलीय, काचेच्या कागदानं घासा.” तर म्हणाले, “तू गप गं.” मी मोरीत गेलो, दार लावलं आणि तेच वाक्य अण्णा म्हणून लिहिलं. बाहेर येतोय तोवर मालक काचेचा कागद हुडकालते. “काय डोकं आहे बघ माणसाचं! हितनं न बघता सांगितलं!”

मी जळलो. खोटं कशाला सांगू? बाईवर जळलो असतो तर चार शिव्या तरी हासडल्या असत्या. ह्या मिशीवाल्या सवतीला काय करायचं? तिच्या झिंज्या धरायच्या तर त्या माझ्याच.

आणि नुसतं मागाचं असतं तरी चाललं असतं. मालक ग्रुप सोडून एकट्या अण्णांना मनातलं लिहायला लागले. कंबर दुखतीया, घरात कुणाला सांगितलं न्हाय. बाप आठवतो. आपल्याला जमंल का न्हाय ह्याची भीती वाटते. हे सगळं मी स्वयंपाकघरात वाचायचो, आणि भिंतीपलीकडं तोच माणूस मला म्हणायचा, “चहा टाक.” अण्णा म्हणून मी लिहिलं, कमरेला तीळतेल लावून घे. तर हाक आली, “मने, तीळतेल आहे काय?” मी लावून दिलं. रगडताना जरा जास्तच जोर लावला.

मग दसरा आला. आमच्या घराची एक रीत आहे. खंडेनवमीला माग बंद ठेवून पुजायचे आणि दसऱ्याला सकाळी घरातल्या नायतर बाहेरच्या मानाच्या माणसानं हँडल ओढून माग सुरू करायचा. सासरे होते तोवर ते ओढायचे, मग मालक. ह्या वर्षी मालकांनी अण्णांना लिहिलं, “दसऱ्याला तुम्ही वडगावला या. हँडल तुमच्याच हातानं ओढायचं. शाल घेऊन ठेवलीया.”

माझ्या घरातला मान, आणि तो कुणाला, तर नसलेल्या माणसाला! मी लिहिलं, “तो मान तुझ्या बायकोला दे.”

लगेच उत्तर. “थट्टा नको अण्णा. बायको चांगली आहे हो, पण ती कांड्या भरणारी. तिला काय मान?”

मी फोन पालथा ठेवला. रडलो न्हाय. पिठाचा डबा घासून घासून लख्ख केला. मग उचलून लिहिलं, “येतो. पण अट आहे. त्या दिवसाच्या कांड्या तू स्वतः भरायच्या. बायकोला हात लावू द्यायचा न्हाय.”

“एवढंच ना? कांड्या काय, पोरंटोरं भरतात,” मालकांनी लिहिलं, आणि सोप्यात आईला पण तेच ऐकवलं.

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी दुपारी मालक कांड्या भरायच्या चरख्यापुढं बसले. माझी सासू, गुणाबाई, खांबाला टेकून बघालती. मी समोर नैवेद्याच्या कडाकण्यांचं पीठ मळालतो. पहिली कांडी भोपळ्यागत फुगली. दुसरीचा दोरा तुटला. तिसरी बघायला बरी दिसली, पण हातात घेतली तर सगळा दोरा घसरून मांडीवर. सासूबाई म्हणाल्या, “राजा, पोरंटोरं भरतात न्हवं रं?” आणि हसत शेजारी निघून गेल्या. मालकांचे कान लाल झाले. हात पसरला तर लागंल इतक्या जवळ मी बसलोय. मला विचारलं? न्हाय. फोन काढला.

फळीवर माझा फोन वाजला, टिंग.

थोड्या वेळानं परत, टिंग.

“अहो,” मी म्हटलं, “दोरा चिमटीत धरा, अंगठ्यानं दाबू नका. आणि टोकाला बोटभर जागा मोकळी सोडा, म्हंजे घसरणार न्हाय.”

“थांब गं जरा,” मालक फोनकडं बघतच म्हणाले, “अण्णांना इचारलंय. त्यांचं येऊ दे.”

टिंग.

बास झालं. मी उठलो, पिठाचे हात पदराला पुसले, फळीवरचा फोन घेतला आणि त्यांच्या चरख्यावर नेऊन ठेवला. त्यांचेच तीन निरोप, एकाखाली एक. वर धोट्याचा फोटो. मालकांनी फोनकडं बघितलं, मग देव्हाऱ्याकडं, मग परत फोनकडं. अठरा वर्षं रोज त्या धोट्याला हात जोडणारा माणूस तो धोटा पहिल्यांदा बघालता.

“म्हंजे... अण्णा न्हाईतच?”

“मी आहे की.”

मला वाटलं चिडतील, फोन आपटतील, काहीतरी करतील. तर डोळे भरून आले त्यांचे. घरातलं कुणीतरी गेल्यागत तोंड झालं. आणि खरं सांगतो, तेव्हा मी जेवढा जळलो तेवढा कधीच जळलो न्हाय. मी जितीजागती पुढ्यात उभी, आणि हे अण्णांसाठी रडालते!

“मी त्यांना लई काय काय सांगितलं गं,” मालक म्हणाले.

“मलाच सांगितलंत. तेल कुणी लावलं?”

मालकांनी कांडी उचलली आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, “बोटभर म्हंजे आडवं बोट का उभं?”

मी शेजारी बसून दाखवलं. दिवेलागणीपर्यंत अकरा कांड्या झाल्या. त्यातल्या चार बऱ्या होत्या.

दसऱ्याला सकाळी पूजा झाली. सासूबाईंनी विचारलं, “अरे, तुझे अण्णा कुठायत?” मालक म्हणाले, “आलेत,” आणि बाजूला सरकले. शाल माझ्या खांद्यावर टाकली आणि हँडल दाखवलं. मी बापाचं नाव घेतलं आणि ओढलं. धोटा इकडनं तिकडं पळायला लागला, खट खट खट, आणि सोपा भरून गेला. सासूबाईंचं तोंड उघडंच. माझा ऊर असा भरून आला की मालकांचे सगळे गुलाब, सगळ्या शुभ सकाळी मी माफ करून टाकल्या.

माफी संध्याकाळपर्यंत टिकली.

आपट्याची पानं वाटून घरी आलो, तर मालक खुशीत सोप्यात बसलेले. “मने, ग्रुप बघ.” बघितलं. त्यांनी लिहिलेलं, “आज अण्णा आमच्या घरी येऊन गेले. त्यांच्याच हातानं माग सुरू झाला. लई साधा माणूस. फोटो काढू दिला न्हाय.” खाली पन्नास-साठ जणांचे जोडलेले हात. धन्य धन्य अण्णा. कुणीतरी विचारलेलं, मिशा कशा आहेत? मालकांनी उत्तर दिलेलं, पांढऱ्याशुभ्र.

“कसं झाकलं बघ,” मालक मांडीवर थाप मारून म्हणाले. “आता कुणाला कायबी कळत न्हाय. तू निवांत लिहीत जा, सगळे ऐकतील.”

त्यांच्या मनात काही वाईट न्हवतं. उपकारच केला असं वाटालतं त्यांना. पण माझी शाल त्या बाबाच्या खांद्यावर गेली, माझा हात त्याचा झाला. सकाळी घरात मिळालेलं संध्याकाळी गावभर परत काढून घेतलं. आणि त्याला मिशा पण मिळाल्या!

मी तिथंच उभ्यानं लिहिलं. “अण्णा आज कुठं आले न्हाईत, कारण अण्णा न्हाईतच. वडगावात दसऱ्याचा माग मी सुरू केला. मी मनिषा, जोतिबा मिस्त्रीची लेक. कांड्या भरतो आणि माग पण जाणतो.” नावापुढचा धोट्याचा फोटो काढून टाकला आणि शाल घेतलेला माझा लावला.

“अगं, थांब, ते हसतील,” मालक उठून हात पुढं करालते. “तुला न्हाय, मला हसतील!”

“हसू देत की,” मी म्हटलं, आणि बोट दाबलं.

ग्रुप गपगार झाला. एवढ्या लोकांचा बाजार, आणि चिटपाखरू बोलंना. मालक कपाळाला हात लावून खाली बसले. मी म्हटलं, आता मला कोण काय विचारणार?

मग टिंग झालं. नागोजी होता. हसला न्हाय, ‘मी म्हटलं न्हवतं का’ असंही म्हटलं न्हाय. कन्नडात एवढंच लिहिलेलं, “आक्का, माझा एक नंबरचा माग धोटा बाहेर फेकालाय. काय करू?”

मी मालकांच्या पुढं चरखा सरकवला. “उद्याच्या कांड्या भरा,” मी म्हटलं. “मला नागोजीला सांगायचंय.”