पडद्यापलीकडचा पेशंट

शिवणकाम करणाऱ्या त्या बाईचं अंग एका जागी म्हणून दुखत नसे. आज खांदा, उद्या पोटऱ्या, परवा तर पांघरुणाचंही ओझं. तपासण्या मात्र एकजात स्वच्छ. शेवटी डॉक्टरांनी तिला प्रकाशोपचाराला धाडलं. डोळ्यांना काळा चष्मा लावून लाल दिव्यांच्या पलंगावर पडून राहायचं, बस्स.

नवरा कुलपं दुरुस्त करणारा. तो फिसकन हसला. "दिव्यानं अंग बरं होत असतं, तर रस्त्यावरचे खांब पहिलवान झाले असते!"

ती मात्र जात राहिली. दुखणं पळालं नाही, पण जरा नरमलं. झोप लागू लागली. सकाळी सुई ओवताना बोटं कुरकुरेनाशी झाली.

एकदा उपचार संपवून ती चपला घालत होती, तोच पडद्यापलीकडून ओळखीचं बेसूर गुणगुणणं आलं. अडलेलं कुलूप उघडताना घरात रोज ऐकू येणारं! तिनं फटीतून पाहिलं. नवरोबा उघड्या खांद्यानं, काळा चष्मा लावून, दिव्यासमोर स्टुलावर!

दिवे लावणाऱ्या मुलीला तिनं ओठांवर बोट ठेवून गप्प केलं आणि नाक दाबून विचारलं, "काका, घरी माहीत आहे ना?"

"छे! बायकोला कळलं तर जन्मभर चिडवेल."

"वाईट आहे का हो?"

"वाईट नाही, हुशार आहे. तेच अवघड."

"मग आलात कशाला?"

"खांदा धरलाय महिनाभर. कुठं सूज नाही, काही नाही, नुसतं ठणकतं." तो घुटमळला. "तिचं दुखणं मला कधीकधी नाटक वाटायचं. आता माझं कुणाला दाखवू?"

तिला बरं वाटलं, आणि रागही आला. एवढ्यावर सोडायचं? अं हं.

"काका, हात वर. दोन्ही. आता जीभ बाहेर."

"जीभ? खांद्यासाठी?"

"नसा आतून जोडलेल्या असतात."

त्यानं निमूटपणे जीभ काढली. मुलीनं स्वतःच्या तोंडात रुमाल कोंबला. बाईला मात्र हसू आवरेना, ती खो खो हसली आणि तिनं पडदा सर्रकन ओढला.

"अगं... तू?" चष्म्यासकट तो ताडकन उठला. हात अजून वरच.

"हात खाली घ्या. मी काही पोलीस नाही."

घरी जाताना तो हळूच म्हणाला, "ते नाटकाचं... चुकलंच माझं."

"ऐकलंय मी. जिभेचं काय?"

"ते मात्र कुणाला सांगू नकोस."

आता दोघं एकाच वेळेला जातात, पडदा मधोमध. गिऱ्हाइकांना तो ऐटीत सांगतो, "बायकोला मीच पाठवलं तिथं." शेजारी बसून काजांना टाके घालणारी ती मान डोलावते. खोटं बोलू देते बिचाऱ्याला. फक्त मधूनच, गिऱ्हाईक पाठमोरं झालं की, त्याला हळूच जीभ दाखवते.