जीभ आणि वरचा ओठ

मित्रांनो, मी एक जुना 'म' आहे. पण तुमच्या बाराखडीतला नव्हे. जिभेचं टोक वरच्या ओठाला टेकवून 'म' म्हणून पाहा. जमलं? तोच मी. प्रशांत महासागरातल्या वानुआतू देशात, सांतो बेटाजवळच्या एका लहानशा बेटावरचा. मला कोणी घडवलं, केव्हा, मला ठाऊक नाही.

एके काळी तिथे मी सगळ्यांच्या तोंडी होतो. मग वोतारी नावाच्या बाईची लेक लेसाले शाळेत गेली. ती वर्गात बोलली, तशा दुसऱ्या गावच्या मुली खिदळल्या. "अगं, जीभ काय दाखवतेस? वेडावतेस का आम्हाला?"

लेसाले तेव्हापासून ओठ मिटून साधा 'म' म्हणू लागली. हसतील या भीतीने हळूहळू सारी मुलं तसंच बोलू लागली आणि जुनी माणसं एकेक करून गेली. माझं काय चुकलं, मला कळेना. मी उरलो एकट्या वोतारीपाशी.

पुढे वोतारीला अर्धांगवायू झाला. तोंड वाकडं झालं, जीभ ओठापर्यंत पोचेना. मी आत अडकलो होतो, की संपलो होतो?

इस्पितळातून आणून तिला लोखंडी खाटेवर निजवलं. ती एकच शब्द पुन्हा पुन्हा म्हणे. लेसालेने भाजलेला नीरफणस कुस्करून भरवला. वोतारीने थुंकून टाकला आणि परत तोच शब्द!

"मागते तेच देतेय ना? मग थुंकते का?"

"आईंचं डोकं गेलंय गं," लेसालेची भावजय नाओमी म्हणाली. "त्यांना आता काही कळत नाही."

वोतारीच्या डोळ्यांतून पाणी आलं. तिने चालता हात कसाबसा उचलून लेकीच्या वरच्या ओठावर बोट टेकवलं. लेसाले गोंधळली. मग कित्येक वर्षांनी तिची जीभ तिथे पोचली आणि तिने तो शब्द म्हटला. साध्या 'म'ने त्याचा अर्थ नीरफणस, माझ्याने चटई.

"चटई? खाली निजायचंय का तुला, आई?"

वोतारीने जोरजोरात मान डोलावली.

"अगं बाई! आणि आम्ही तुला नीरफणस चारतोय!"

दोघींनी तिला उचलून केतकीच्या चटईवर ठेवलं. ती लगेच झोपली.

आता लेसाले मला तेवढ्या एका शब्दापुरतं बोलावते. बाकी सगळीकडे साधा 'म'. मी घरचा, की पाहुणा? अजून उमगत नाही. मित्रांनो, कुणाचं बोलणं विचित्र वाटलं तर हसू येईल, हसा, पण "काय म्हणालीस?" एवढं एकदा विचारा. तेवढ्यावर मी आणखी थोडे दिवस काढीन.