नापसंत ओळ

“चहा हवा ना?” नर्सने विचारले. मिस्त्रींनी होकारार्थी मान हलवली. “की नकोच?” त्यालाही होकार. नर्स हसली; उशाशी बसलेल्या बाई, मिस्त्रींची बायको, मात्र हसल्या नाहीत.

झटका आल्यापासून मिस्त्रींची वाचा गेली होती, उजवी बाजूही गेली होती. उरली होती ती ही नंदीबैलासारखी मान. त्यांना कितपत कळते ते आत्ताच सांगता येणार नाही, असे डॉक्टर म्हणाले होते. लेक म्हणायची, बाबांना उगाच काही विचारत बसू नकोस. बाईंना एकच गोष्ट विचारायची होती आणि तिचीच त्यांना भीती वाटत होती.

जन्मभर मिस्त्रींनी पाण्याचे पंप दुरुस्त केले आणि बाईंनी जुन्या हिब्रू धर्मग्रंथाचे भाषांतर. घरात रीतच पडली होती. बाईंनी ओळ वाचायची, आणि हिब्रूतले ओ की ठो न कळणाऱ्या मिस्त्रींनी डोळे मिटून काय दिसले ते सांगायचे. काही दिसले नाही की ते टेबलावर दोनदा बोट वाजवत. टक टक. म्हणजे, परत लिहा पंडितीणबाई. पहिल्या फटक्यात त्यांनी एकही ओळ कधी पास केली नाही. बाई चिडत, तुम्हाला मेलं काय कळतंय म्हणत, आणि परत लिहीत.

सध्या गाडी एका क्रियापदापाशी अडली होती. राहफ. एवढ्या मोठ्या ग्रंथात ते तीनदाच येते. आरंभीच्या अंधारात देवाचा आत्मा पाण्यावर हे करतो. गरुडाची मादी आपल्या पिल्लांवर हे करते. आणि काळीज फुटलेल्या एका संदेष्ट्याची हाडे हेच करतात, थरथरतात. या तिसऱ्या जागेचा अर्थ बाईंना आता शब्दकोशात बघावा लागत नव्हता.

त्यांनी एक ओळ मुद्दाम चुकीची लिहिली होती: मादी पिल्लांवर घिरट्या घालते. घिरट्या घालते ती घार, पिल्लू उचलायला. शुद्धीतले मिस्त्री ही ओळ सात जन्मांत पास करणार नाहीत. पण त्यांनी मान हलवली तर? मग विचारायला काही उरलेच नाही. रोज तो कागद पिशवीतून यायचा आणि तसाच घरी जायचा.

आज लेक औषधे आणायला खाली गेली, तेव्हा बाईंनी जीव मुठीत धरून तो काढला. ओळ वाचून दाखवली.

मिस्त्रींनी मान हलवली. हो.

बाई कागद मिटू लागल्या. कागदाची घडी काही केल्या नीट बसेना.

टक टक.

डाव्या हाताचे बोट खाटेच्या लोखंडी दांडीवर होते. आपोआप हलले असेल, म्हणून बाईंनी घाबरत घाबरत तीच ओळ पुन्हा वाचली. मिस्त्रींनी डोळे मिटले. टक टक.

“बरं, मग हे बघा,” बाई घाईघाईने म्हणाल्या. “पिल्लांवर पंख थरथरवत अधांतरी राहते. दिसलं?”

मिस्त्रींच्या कपाळाला अर्धीच आठी पडली.

टक टक.

औषधांची पिशवी घेऊन लेक दारातच थबकली. “आई, रडतेस का? काय झालं?”

“नापास केलं मला,” बाई म्हणाल्या. बाहीने चष्मा पुसून त्यांनी ती ओळ खोडली आणि खाली नवी लिहायला घेतली.